झाकून ठेवलेली भाकरी

जगदेवी : हात लावू नगंस मला. आधी सांग, माज्या अव्वाचं तोंड भिंतभर करून कुणाला विचारून लावलीस?

संस्कृती : आत्या, मी सांगितलं होतं तुला. प्रदर्शनासाठी आज्जीवर काम करतेय म्हणून.

जगदेवी : चित्र काढणार म्हणलीस. मला वाटलं, डोईवर पदर, कपाळाला विभूती, असलं कायतरी असंल. तितं भिंतीवर शिनेमा चालू, बघते तर कवळी काढलेलं तोंड, लाळ गळायली, नि म्हातारी हंबरडा फोडून रडायली. माणसं समोसा खात बघायली. एक पोरगी तर तिच्याकडं पाठ करून फोटो काढून घेतली. तशीच रिक्षा करून आले.

संस्कृती : ते नुसतं रडणं नाही गं. बाजूला लाल-निळं पळत होतं ना, ते तिच्या मेंदूत चाललेलं. मेंदूच्या डॉक्टरांनी टोपी घालून, तारा लावून मोजलंय. आठवण जागी होताना आत काय होतं, ते लोकांना दिसावं म्हणून केलं आम्ही.

जगदेवी : टोपी व्हय! म्हंजे गेल्या आठवड्यात केसात चिकट चिकट हुतं ते त्येचंच. मी शिकेकाईनं घासत बसले नि वर म्हातारीलाच बोलले, काय सांडून घेतलीस म्हणून.

संस्कृती : सॉरी.

जगदेवी : ते ऱ्हाऊ दे. रडवलीस कशी?

संस्कृती : पप्पांचा आवाज ऐकवला. माझ्या फोनमधला.

जगदेवी : खोटं. बसूचा आवाज ऐकून अव्वा हसती. तुजा बाप गेल्यापासनं ह्या घरात तिला कुणी खरं सांगितलं न्हाय. विचारलं की म्हणायचं, चिंचोळीच्या कारखान्यात गेलाय, कामाची पाळी सुटली की येतंय. मग ती त्येच्या वाटची भाकरी झाकून ठेवती नि गप झोपती. रडंल कशाला ती? बोल की.

संस्कृती : हसली तेव्हा पडद्यावर फारसं काही दिसत नव्हतं. मग डॉक्टर बाहेर गेले तेव्हा मी तिच्या कानात सांगितलं.

जगदेवी : काय सांगितलीस?

संस्कृती : की पप्पा गेले. ट्रकखाली.

जगदेवी : शी!

संस्कृती : ती विसरते गं. थोड्या वेळानं चहा मागितला तिनं. काहीच लक्षात नव्हतं. म्हणून मग परत सांगितलं. पहिल्या वेळी एक तार निघाली होती.

जगदेवी : तार निघाली म्हणून म्हातारीचं पोरगं परत मारलीस.

संस्कृती : माझेही पप्पा होते ते! तुम्ही सगळे 'कामावर गेलाय' म्हणत राहिलात. आज्जी ऐकेल म्हणून मला या घरात कधी मोठ्यानं रडता आलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासोबत रडलं.

जगदेवी : मग माज्या गळ्यात पडायचं हुतं. तिला तारा लावून, भिंतीवर टांगून न्हाय. शिसारी यायली मला तुजी. माज्या हातचं खाऊन वाढलीस, म्हणून जास्तच यायली.

संस्कृती : उद्या सकाळी काढते ते सगळं. पण आज्जीला खरंच काही झालेलं नाही, आत्या. तिला आठवतच नाही.

जगदेवी : आठवडा झाला, मला कळंना हिला काय झालंय ते. ये आत. तूच बघ.

(स्वयंपाकघर. नागव्वा भाकरीच्या टोपलीपाशी बसलेली.)

जगदेवी : अव्वा, बसूची भाकरी झाकून ठेव की.

नागव्वा : नगं.

जगदेवी : का गं? यील की तो कामावरनं.

नागव्वा : काय की बाई. मला कोण काय बोललं न्हाय. झाकायला हात जाईना बघ.