तिजोरीवरचा वॉचमन

इस्पितळात एका पासावर एकच माणूस, आणि दारातला वॉचमन हटून बसलेला. समोर बाकावर नणंद-भावजय, दोघींत पास एक. आत नणंदेच्या भावाचं, म्हणजे भावजयीच्या नवऱ्याचं, तासाभरात ऑपरेशन. विनवण्या करून झाल्या, मग दोघी कालच्या सिनेमावर घसरल्या. वॉचमनने कान टवकारले.

“वहिनी, दरोड्याचा बेत मात्र झकास रचला होता हं.”

“बेत झकास, पण चोर कसले, वन्सं! छत फोडून उतरतात नि शर्टाची इस्त्री मोडत नाही.”

“आणि तो तिजोरीवरचा वॉचमन? बाई दोन शब्द गोड बोलते काय, हा जागा सोडतो काय! नुसता बावळट.”

“तसं नसतं हो, ताई,” वॉचमनला राहवेना. “आम्ही काय गवत खातो?”

“तेच म्हणते मी! खरा वॉचमन कसा उभा राहतो, दाखवा बरं. असे मोकळ्यात या.”

“हे बघा. पाय रोवून, नजर फाटकावर.”

“आणि चोर अंगावर आला तर?”

“आला तर? असा वाकवायचा नि गचांडी धरायची!”

“अगंबाई! पुन्हा एकदा दाखवा.”

त्याने दोनदा दाखवलं. मग नणंदेने पास पुढे केला.

“घ्या. एक पास, एक माणूस.”

“आणि तुमच्या वहिनी?”

“त्या घरी गेल्या असतील. तुमच्या नजरेसमोरून कोणी आत जाईल का?”

वॉचमनने रिकाम्या बाकाकडे पाहिलं, मग दाराकडे.

“जा,” तो हळूच म्हणाला. “आणि येताना वेगवेगळ्या या.”