पेलिकन रिकामं करा

हसताय ना? हसा, मॅडम. त्या सीगल पक्ष्यानं नेमका तुमच्यावर नेम धरला यात राजकारण काही नाही, तो पदबिद बघत नाही, गेल्या उन्हाळ्यात त्यानं बिशपलाही सोडलं नव्हतं — मान अशी ताठ नका धरू, बेसिनच्या खाचेत सैल सोडा, हां, अशी — आणि टॉवेल डोळ्यांवरच राहू दे, ती घाण डोळ्यांत गेली तर आठवडाभर चोळत बसाल. पाणी गरम लागतंय? थंड कर जरा. — नाही, कोणाला नाही, नळाला म्हटलं. या वयात माणूस नळाशीसुद्धा बोलतो, तुमचं वय झालं की कळेल. आणि तो वास केस जळाल्याचा नाही, घाबरू नका. मागच्या खोलीत कॉफी भाजलीय मघाशी. कच्च्या बिया आणून तव्यावर भाजायच्या, काळ्या होईस्तोवर. इथे कोण तसं करतं? करतो आम्ही. म्हणजे मी करते. शिकले.

तर तुमच्या गळ्यातला तो ओळखपत्राचा पट्टा तुम्ही आत येतानाच मी वाचला. पार्लमेंटची, लोकांच्या अर्जांची समिती. तीन वाजता आमच्या चर्चच्या हॉलमध्ये तुमची बैठक, हो ना? मग ऐका, मी डोरीन स्केल्टन. नाव ओळखीचं वाटलं? वाटणारच, तुमच्या कागदावर अर्जदार म्हणून पहिलं नाव माझंच छापलंय. आता काय करणार, डोकं माझ्या बेसिनमध्ये आहे तुमचं, अर्धं धुतलेलं, पळून जाल तर गावभर फेस सांडत जाल. बैठकीत मला तीन मिनिटं दिलीयत तुमच्या ऑफिसनं. इथे मात्र शाम्पू दोनदा लावावा लागणार, तेव्हा वेळ भरपूर आहे.

आधी तो अर्ज का केला ते सांगते, कारण ते कोणी विचारलंच नाही. आमचा गॉर्डन गेला फेब्रुवारीत. माझा नवरा. आता या गावात माणूस गेला की चर्च झाल्यावर सगळे पेलिकन हॉटेलच्या मोठ्या हॉलमध्ये जातात — हॅम सँडविच, चहा, कोणाकोणाला शेरी — लग्नंही तिथेच, बारसंही तिथेच, माझं आणि गॉर्डनचं पहिलं भांडणसुद्धा तिथेच झालं, त्याच्या बहिणीच्या लग्नात. आणि आता हॉटेलला कुलूप. कुलूप म्हणजे आम्हाला कुलूप, आत माणसं भरलेली, फाटकात रखवालदार. लंडनहून कोणीतरी ठरवलं की देशात आश्रय मागायला आलेले लोक पेलिकनमध्ये ठेवायचे, त्यांच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत — आणि निकाल कधी लागतो? लागत नाही. गावाला कोणी विचारलं? मुळीच नाही. मग गॉर्डनच्या नावाची सँडविचं आम्ही कुठे खाल्ली माहितीय? बस-स्टॉपवर. पावसात. त्याची नव्वद वर्षांची आई बस-स्टॉपच्या बाकावर बसलेली, मांडीवर कागदी बशी, आणि बसचा ड्रायव्हर विचारतोय, आजी, चढताय का? मला इतका संताप आला, मॅडम. रडायलाही आलं नाही मला त्या दिवशी, नुसता संताप.

घरी येऊन कोट न काढता लिहिलं. एकच ओळ — पेलिकन हॉटेल रिकामं करून गावाला परत द्यावं. आणि कागद इथे काउंटरवर ठेवला, हेअरस्प्रेच्या बाटलीखाली. जी बाई केस करायला येईल ती सही करून जाईल. काचेवर मोठा फलकही लावला, पेलिकन रिकामं करा, लाल रंगात, माझ्याच नेलपॉलिशनं. आमचे नगरसेवक ट्रेव्हर पास्क आले, फलकासमोर उभं राहून फोटो काढून घेतला. ट्रेव्हरना टक्कल आहे, हेअर ड्रेसरच्या दुकानात त्यांचं एरवी काय काम?

आणि मग एक दिवस दार उघडून ती आत आली. लेतेब्रहान. एरिट्रियाची. गाव तिला लेटी म्हणतं, कारण आमच्या जिभेला तेवढंच झेपतं. तिला मी आधी बघितलेलं होतं — तिनं खोलीत कॉफी भाजली म्हणून हॉटेलचा आगीचा भोंगा वाजला होता, आणि अख्खं पेलिकन भर दुपारी चपला घालून हिरवळीवर उभं, आणि ही मधोमध तवा धरून. खोलीत शिजवायला बंदी, मॅडम. किटलीसुद्धा नाही. जेवण प्लॅस्टिकच्या डब्यात, रोज तेच, भात नावाचं काहीतरी. खिडकी चार बोटं उघडते. चार जणी एका खोलीत, आणि शेजारच्या खोलीतला माणूस झोपेत ओरडतो. दीड वर्ष. तर ती आली, मला वाटलं आता ही भांडणार, मी कात्री हातात घट्ट धरली — खरं सांगते, धरली. तिनं काचेवरचा फलक वाचला, काउंटरवरचा कागद वाचला, सावकाश, बोट ठेवून, आणि म्हणाली, पेन आहे?

मी म्हटलं, अगं बाई, हा तुमच्याविरुद्धचा अर्ज आहे. ती म्हणाली, यात लिहिलंय हॉटेल रिकामं करा, मलाही तेच हवंय, मला घर हवंय, मला दार लावायचंय आणि चहा करायचाय. मी दिलं पेन. आणि सही चालते तिची, या देशात जो राहतो त्याची सही चालते असं तुमच्याच नियमांत लिहिलंय. दुसऱ्या दिवशी ती बाकीच्यांना घेऊन आली. ओळ लागली, मॅडम, पार बेकरीपर्यंत. हॉटेल बंद करा म्हणून सही करायला हॉटेलातलीच माणसं उभी. ट्रेव्हर पास्क गाडीतून जात होते, त्यांना वाटलं मोर्चा आला, त्यांनी काच वर केली.

जरा कानामागे चोळ. — नळाला म्हटलं हो. — छान वाटतंय ना? काय म्हणालात? लंडनमध्ये इतकं चांगलं डोकं कोणी चोळलं नाही? बघा. लंडनमध्ये घाई असते.

तर प्रत्येकानं आपल्या सहीखाली काहीबाही लिहिलं. लेटीनं लिहिलं, आम्हाला याच गावात साधी घरं द्या. कोणी लिहिलं, काम करू द्या. एका म्हाताऱ्यानं फक्त लिहिलं, भात नको. आणि तो गठ्ठा आमच्या खासदारांनी पार्लमेंटात नेला, दोन वाक्यं बोलले, आणि अध्यक्षांच्या खुर्चीमागे म्हणे एक पिशवी लटकवलेली असते, तीत टाकला. पिशवीत. मला ऐकूनच हसू फुटलं. आमच्याकडेही तशी पिशवी असते, कापलेले केस टाकायची. पण तुमची समिती, नाही म्हणजे मान्य करते, तुम्ही तो बाहेर काढलात, वाचलात, गृहखात्याकडे पाठवलात. आणि वाचलंत काय? वरची एक ओळ. मी फोन केला होता तुमच्या ऑफिसला, तिकडून एक मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, मिसेस स्केल्टन, अर्ज म्हणजे वरचा मजकूर, सहीच्या खाली लिहिलेलं धरता येत नाही. म्हटलं, बाळ, सही धरता आणि माणूस सोडता?

मग खात्याचं उत्तर आलं. गावाची, आणि आत राहणाऱ्यांचीसुद्धा, एकमुखी मागणी लक्षात घेऊन पेलिकन रिकामं करण्यात येत आहे. एकमुखी, मॅडम. आणि माणसं कुठे? जुन्या लष्करी छावणीत, देशाच्या दुसऱ्या टोकाला, तारेचं कुंपण, जवळ दुकान नाही, बस नाही. गुरुवारी येणार गाड्या. परवा. त्यांच्या स्वतःच्या सह्या दाखवून त्यांना तिथे धाडतायत, आणि तुमच्या समितीच्या रंगीत पुस्तिकेत आमचं गाव छापलंय, जनतेच्या अर्जाला आलेलं यश म्हणून. आज तुम्ही त्याच यशाचा फोटो काढायला आलात ना? म्हणूनच तर केस धुवायची घाई.

माहितीय मला, तुमच्या समितीला काही थांबवता येत नाही. विचारता येतं. मग विचारा ना. खात्याला आज संध्याकाळी एवढंच कळवा की या सह्यांचा अर्थ तुम्ही चुकीचा लावलाय, आम्ही पुन्हा वाचेपर्यंत गाड्या पाठवू नका. गावात घरं रिकामी आहेत, उन्हाळा संपला की अर्धी समुद्राकाठची घरं रिकामीच असतात, मलाच वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत, गॉर्डनचे मासेमारीचे गळ सोडले तर त्यात कोणी राहत नाही.

मी काही संत नाही, तसं समजू नका. मला ते हॉटेल अजूनही परत हवंय. सासूबाई एक्क्याण्णव्या वर्षात आहेत, त्यांना मी बस-स्टॉपवर नाही निरोप देणार. पण मला लेटी जायला नकोय. बास, सांगितलं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं, तेव्हा ती कॉफी भाजते आणि तीनदा ओतते, पहिली, दुसरी, तिसरी, तिसरी घेतल्याशिवाय उठायचं नाही असा त्यांच्याकडे रिवाज, आणि तिसऱ्या कपापर्यंत माणूस खरं बोलायला लागतं. गॉर्डनसाठी मी पहिल्यांदा रडले ती तिसऱ्या कपाला. तिच्यापुढे. पोटच्या मुलीपुढे नाही रडले. आणि ज्या दिवशी ते खात्याचं पत्र आलं ना, त्या दिवशी मी तिरमिरीत स्टुलावर चढले, काचेवरचा तो फलक ओरबाडून काढायला, आणि स्टुलासकट खाली. उजवं मनगट मोडलं. तिनंच उचललं, तिनंच टॅक्सी बोलावली. तेव्हापासनं प्लास्टर कोपरापर्यंत, चमचा धरता येत नाही, कात्री धरता येत नाही, स्वतःच्या डोक्यावरनं कंगवा फिरवता येत नाही मला, तर

तर.

हं.

बोला ना. नाही, विचारा. मोडलंय उजवं, आणि डावा हात या कॉफीच्या कपाला, मग मघापासनं तुमच्या डोक्यात दोन दोन हात कोणाचे फिरतायत, हेच ना?

टॉवेल काढू नका. थांबा. काढलात की दिसणार, दिसलं की तुम्हाला कुठेतरी कळवावं लागणार, कारण आश्रय मागणाऱ्यानं काम करायचं नसतं, तो नियमही तुमच्या लोकांनीच केलाय. लेटी, थांबू नकोस, धू. फेस राहिलाय मानेवर. — हो, लेटीच. तिच्या गावात स्वतःचं दुकान होतं तिचं, नवऱ्या मुलींच्या वेण्या घालायची. आणि काम नाही हे. मी तिला एक पेनी देत नाही. देते काय? माझी गरम पाणी येणारी न्हाणी, आणि किटली, आणि दाराला आतून लावायची कडी. हे काम असेल तर मीही आजवर कधी काम केलं नाही.

टॉवेल अजून डोळ्यांवरच धरलाय तुम्ही. लेटी, नळ बंद कर.

मूर्ख आहे मी. तीन मिनिटं दिली होती हॉलमध्ये, तेवढ्यात काही बिघडलं नसतं. इथे तोंडाला कुलूप लागलं नाही माझ्या.

ठीक आहे. पुस. केस पुस त्यांचे. — उठा मॅडम. आता काढा टॉवेल, काढायचाच तर. ही लेतेब्रहान. पूर्ण नाव घ्या, माझ्यासारखं अर्धं नको. हात मिळवा, ओले आहेत, शाम्पू तुमच्याच डोक्याचा आहे. काय लिहायचं ते लिहा. पण लिहाल तर सगळं लिहा, खालचंही, नुसती वरची ओळ नको.

नाही, पैसे नकोत. पैसे घेतले तर मग ते खरंच काम ठरेल. तीन वाजता बैठकीत नाव पुकारलं की अर्जदारानं उजवा हात वर करायचा, असं तुमच्या पत्रात लिहिलंय. माझा काही वर होत नाही, बघताय. तेव्हा डोरीन स्केल्टन म्हणाल तेव्हा हा वर होईल, हा, लेतेब्रहानचा. आत्ता तुमच्या डोक्यावर होता तोच. म्हणा मग सगळ्यांसमोर की चालत नाही.

निघा आता. आणि दाराशी छत्री आहे, गॉर्डनची, ती उघडून जा. तो सीगल अजून कठड्यावर बसलाय.