न आलेला अध्यक्ष

(पडेगाव. सारजाबाईंच्या दाराबाहेर दोघं उभे.)

काकासाहेब : पण मी गणेश मंडळाचा अध्यक्ष झालो कधी, बद्रीनाथ?

बद्रीनाथ : बैठकीला तू नव्हता ना, तवाच. आपल्यात रिवाजच हाये, जो येत नाय त्यालाच अध्यक्ष करायचं. नाय म्हणायला तो तिथं नसतो.

काकासाहेब : अरे, मी वाळूजला शिफ्टवर व्हतो! कमान बांधली तवा बी कंपनीतच व्हतो!

बद्रीनाथ : आता कमान पडली, सारजामावशीचा पाय मोडला. मंडळाची नोंदणी नाय, म्हणजे कायद्यात मंडळ कुणीच नाय. जिम्मेदारी येती माणसावर. पयला माणूस अध्यक्ष.

काकासाहेब : तू मंडळाचा सेक्रेटरी, वरून विमा एजंट! विमा काढला व्हता ना?

बद्रीनाथ : काढला की. मूर्तीचा.

काकासाहेब : मंग मूर्तीला काय झालं?

बद्रीनाथ : बाप्पाच्या कृपेनं काय बी नाय.

काकासाहेब : वा रे एजंट! पोलिसात नाव गेलं ना, तर कंपनीत पर्मनंट व्हायचं राह्यलं माझं. इतकी वर्षं वाट बघायलोय.

बद्रीनाथ : म्हणून सांगतो, आत गेलं की चूक कबूल करायची नाय. माफी तर मुळीच नाय. फकस्त 'लई वाईट झालं' म्हणायचं.

सारजाबाई : आत या रं, मुडद्यांनो. पाय मोडलाय माझा, कान नाय.

काकासाहेब : मावशी... लई वाईट झालं.

सारजाबाई : कुणी केलं?

बद्रीनाथ : मंडळानं, मावशी.

सारजाबाई : मंडळाला हात असतेत का? इतके दिवस झाले, एक मेला फिरकला नाय. इचारलं तर म्हणतेत, अध्यक्षाला इचारा. तिकडं माझ्या शेळ्या दावणीला ओरडायल्यात. भाचा ठाण्यात तक्रार द्यायला निघालाय. सांगा, कुणाचं नाव घालू?

काकासाहेब : माझं घाला.

बद्रीनाथ : अरे येड्या!

काकासाहेब : तू गप. मावशी, कमान मी बांधली नाय, पण अध्यक्ष मी हाये म्हणतेत. चुकलं आमचं. माफ करा.

सारजाबाई : हं. आन् बद्री, तू काऊन खाली बघायलास?

बद्रीनाथ : ...दोरी मीच बांधली व्हती, मावशी. काथ्या संपला, म्हणून सुतळी लावली.

सारजाबाई : एवढं ऐकायलाच कान टवकारून पडले व्हते मी. तक्रार ऱ्हाऊ द्या. पाय बरा होईस्तोवर शेळ्या तुम्ही दोघांनी चारायच्या.

बद्रीनाथ : पण शेळी कुणाच्या शेतात घुसली तर, मावशी?

सारजाबाई : ज्याच्या हातात काठी, त्याची जिम्मेदारी.

बद्रीनाथ : काकासाहेब, धर काठी. तू अध्यक्ष.

काकासाहेब : आजच बैठक लावतो! नवा अध्यक्ष करा. मावशी, तुम्ही बी यायचं.

सारजाबाई : मी कशी येऊ रं, पाय असा?

काकासाहेब : खाटेसकट उचलून नेतो. नाय आल्या तर तुम्हालाच अध्यक्ष करतेत ही माणसं.

सारजाबाई : मंग येतच नाय मी. करा मला अध्यक्ष. बघते, कोण सुतळी लावतो ते.