हा कार्यक्रम गुरुवारी ध्वनिमुद्रित केलेला आहे

समुदाय-भाषा प्रसारण संघाच्या आदरणीय अध्यक्षा श्रीमती डेस्पिना वासिलाकू, व्यासपीठावर उपस्थित असलेले मेरिंडूचे उपनगराध्यक्ष, गेली एकतीस वर्षं या संघाचे सचिव असलेले आणि आजचे सत्कारमूर्ती श्री. कारमेनू झॅमिट, त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी जुझामावशी, बत्तीस भाषांमधून बोलणारे माझे निवेदक बंधुभगिनी, आणि शेवटच्या रांगेत कारखान्याच्या कपड्यांतच आलेली माझी कारेन माणसं, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी नॉ सेर म्यू. मेरिंडूच्या केंद्रावर दर शनिवारी सकाळी आठ ते नऊ कारेन भाषेचा तास मी चालवते. संघाच्या निवेदकांतली मी वयाने सर्वांत लहान, म्हणून आभार मानायचं काम माझ्याकडे आलं आणि त्यासाठी तीन मिनिटं मिळाली. अध्यक्षाबाई, मला थोडा जास्त वेळ लागणार आहे. झॅमिटकाका, तुमचा हात कोटाच्या खिशाकडे गेलेला मला दिसतोय. ते स्टॉपवॉच आज राहू द्या.

आधी आभार. हे सभागृह दिल्याबद्दल माल्टीज क्लबचे आभार. रिकोटा चीज भरलेल्या गरमागरम पॅस्टीत्सी करणाऱ्या स्वयंपाकघरातल्या मंडळींचे आभार. पॅस्टीत्सी आज बऱ्याच उरणार आहेत. संघाच्या पंचविसाव्या वर्षी याच सभागृहात लोक भिंतीला टेकून उभे होते असं मी ऐकलंय. आज मी इथून रिकाम्या खुर्च्या मोजू शकते. निमंत्रणपत्रिकेत छापलंय की काका प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्त होत आहेत. काकांची प्रकृती कशी आहे ते आपण पाहताच आहात. मघाशी ध्वनिक्षेपक त्यांनीच उचलून आणला.

मग ही माणसं का आली नाहीत? आणि जी आली आहेत ती बुटांकडे का बघतायत?

सांगते. पण थोडं मागून सुरू करू द्या.

मी थायलंडच्या सीमेवर, ब्रह्मदेशातून पळून आलेल्या आम्हा कारेन निर्वासितांच्या छावणीत जन्मले. ऑस्ट्रेलियात आले तेव्हा नऊ वर्षांची होते. आईवडील दोघंही कोंबड्यांच्या कारखान्यात. सतराव्या वर्षी मी हातात चार पानं घेऊन केंद्रावर गेले. काका तिथे नव्या निवेदकांना शिकवायला आले होते.

"नाव?"

"सेर म्यू."

"तो कागद खाली ठेव. कागद वाचणाऱ्या माणसाला कुणी घरात घेत नाही. आजीशी बोलतेस तसं बोल."

"काका, माझी आजी बहिरी आहे."

"उत्तम. मग मोठ्याने बोल."

या संघाने काय केलं, असं मला विद्यापीठात कुणी विचारलं की मी हेच सांगायचे. मंत्रालयात भांडून मिळवलेले तास, परवान्यांचे अर्ज, ती सगळी कामं झालीच. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन समाजांचे तास लागून आले, तेव्हा काकांनी मध्ये दहा मिनिटं माल्टीज गाणी घातली, का तर एक मंडळी बाहेर पडेपर्यंत दुसरी जिन्यात येऊ नयेत. ती गाणी अजून लागतात. पण माझ्यासाठी संघ म्हणजे एक माणूस, ज्याने माझ्या हातातला कागद काढून घेतला.

त्याच माणसाने एक नियम केला होता. कार्यक्रम आधी ध्वनिमुद्रित केलेला असेल, तर सुरुवातीला आणि शेवटी तसं सांगायचं, वार आणि तारखेसकट. आमचा तास शनिवारी, आणि शनिवारी आमच्या सगळ्यांची कारखान्यात पाळी. मीही शिकत असताना आणि नंतरही शनिवारी तिथेच. त्यामुळे आम्ही गुरुवारी संध्याकाळी बोलून ठेवायचो आणि शनिवारी आठला यंत्र ते आपोआप लावायचं. सुरुवातीला मी नियमाप्रमाणे सांगायचे, "हा कार्यक्रम गुरुवारी ध्वनिमुद्रित केलेला आहे."

आमच्या गल्लीत सॉ पा ला नावाचे आजोबा राहायचे. इंग्रजी एक अक्षर येत नव्हतं. एका रविवारी चर्चबाहेर त्यांनी मला गाठलं.

"काय गं, गुरुवारचं बोलणं शनिवारी वाढतेस? शिळा भात कोंबड्यांना घालतात, माणसांना नाही."

"आजोबा, शनिवारी पाळी असते ना सगळ्यांची."

"मग पाळीवर जा. पण आमच्या घरी येशील तर ताजी ये."

तेवढ्यावर थांबलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण 'गुरुवारी' हा शब्द आला की म्हातारी माणसं रेडिओ बंद करू लागली. किराणा दुकानात बायका मला बघून म्हणायच्या, "आली बघा, गुरुवारची बाई!" मला रडू यायचं. छावणीतून आलेली ही माणसं, त्यांना आपल्या भाषेचा सबंध आठवड्यातला एक तास, आणि तोही शिळा म्हणून त्यांनी टाकून द्यायचा? आपण त्यांच्यासाठी काहीतरी चांगलं करतोय, अशा समजुतीने मी ते वाक्य काढून टाकलं. त्याच्या जागी म्हणू लागले, "सुप्रभात. आज शनिवार. केंद्राच्या खिडकीतून मला नदी दिसते आहे." दिसायची, पण गुरुवारी दिसायची.

लोक खूश झाले. पा ला आजोबा सगळ्यांत जास्त. ऑगस्टमध्ये मनगटाला दोरा बांधायचा आमचा सण असतो, भटकलेल्या जिवाला घरी बोलावतात. मला नुकतीच पदवी मिळाली होती, आमच्या घरातली पहिली. आजोबांनी स्वतः माझ्या मनगटावर पांढरा दोरा बांधला आणि म्हणाले, "ही पोरगी दर शनिवारी आमच्या घरात येऊन बोलते."

झॅमिटकाकांना कारेन भाषा येत नाही. पण ते बत्तीसही भाषांचे कार्यक्रम ऐकतात, हे आपल्याला माहीत आहे. त्यांचं मला पत्र आलं. "तुमच्या भाषेत गुरुवारला काय म्हणतात ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. तो शब्द गेले सहा आठवडे ऐकू आला नाही." मी उत्तर दिलं नाही. दीड महिन्याने दुसरं पत्र आलं. त्यातली एक ओळ मला पाठ आहे. "रेडिओ ऐकणारा माणूस तुमच्या डोळ्यांनी बघत असतो, तुमचे डोळे कोणत्या दिवसाचे आहेत, हे त्याला सांगणं तुमचं काम आहे." मला वाटलं, म्हातारे झालेत, नियमात अडकलेत.

मग ऑक्टोबर आला.

त्या गुरुवारी ऊन होतं. मी बोलले, "आज शनिवार. ऊन छान पडलंय, नदी शांत आहे. नदीकाठच्या मळ्यात आज भाज्यांची रोपं वाटणार आहेत, सकाळी लवकर या." शुक्रवारी डोंगरात पाऊस कोसळला. शनिवारी पहाटेपासून इंग्रजी केंद्रांवर पुराचे इशारे सुरू झाले आणि रोपांचं वाटप रद्द झालं. आमच्या केंद्रात त्या वेळी माणूस नव्हता. आठ वाजता यंत्राने मला लावलं. मी तेव्हा कारखान्यात होते. कानात बोळे होते आणि फोन कपाटात होता.

पुढचं मला आजोबांच्या पत्नीने, नॉ मू वा आजीने सांगितलं. सव्वाआठला शेजारच्या बाई दार बडवू लागल्या. हातवारे करून काहीतरी ओरडत होत्या. आजी घाबरली. आजोबा टोपली घेऊन उभे होते. म्हणाले, "तिला सांग, काळजी करू नको. आमच्या पोरीने आत्ताच नदी बघितली."

आणि ते मळ्यात गेले.

मंगळवारी सापडले. कुंपणाच्या तारेत.

अंत्यविधीच्या दिवशी आजीने माझा हात धरून मला विचारलं, "पोरी, तू खिडकीपाशीच होतीस ना? तुला पाणी दिसलं नाही का गं?" मी म्हणाले, "नाही आजी, दिसलं नाही." मी तिच्याशी खोटं बोलले. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिला वाटलं, माझी नजर चुकली.

मार्चमध्ये या मृत्यूची चौकशी झाली. आपल्यापैकी काहीजण हजर होते. अधिकाऱ्यांनी विचारलं, कारेन गटाला घोषणा न करण्याची सूट कुणी दिली? काका उभे राहिले.

"मी दिली. तोंडी."

"लेखी काही आहे?"

"नाही. वय झालं, हल्ली मी काही लिहीत नाही."

मी तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यांची दोन्ही पत्रं माझ्या पिशवीत होती.

बाहेर पायऱ्यांवर मी त्यांना अडवलं. "काका, पत्रं माझ्याकडे आहेत."

"पिशवी बंद कर."

"पण तुम्ही असं का केलंत?"

"तुझं नाव गेलं, तर तो तास जाईल. तुमच्यात दुसरं कोण आहे चालवणारं? माझं नाव गेलं, तर एक म्हातारा घरी जाईल. जुझाला तर आनंदच होईल."

मावशी, तुम्हाला आनंद झाला का? मी गेल्या महिन्यात तुमच्या घरी आले, तेव्हा काका रेडिओ बंद करून बसले होते. जो माणूस बत्तीस भाषा ऐकायचा.

अध्यक्षाबाई, आपण व कार्यकारिणीने अहवाल वाचून काकांना निवृत्त करण्याचा जो निर्णय घेतला तो समोर असलेल्या कागदांवरून घेतला. आपला दोष नाही. प्रशिक्षणाच्या खोलीवरून काकांच्या नावाची पाटी काढली, ते त्या कागदांप्रमाणे योग्यच होतं. पण कागद अपुरे होते. आता ते पुरे आहेत. दोन्ही पत्रं आणि माझा लेखी जबाब मी परवा चौकशी अधिकाऱ्यांकडे पाठवला. त्यांच्या प्रती मी आपल्यापुढे ठेवलेल्या या पाकिटात आहेत. जबाबात मला हेही लिहावं लागलं की काका चौकशीत खरं बोलले नाहीत. त्याचा त्यांना त्रास होईल. काका, मी तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही पुन्हा पिशवी बंद करायला सांगितलं असतं, आणि मी कदाचित ऐकलंही असतं.

आमचा तास आता जाऊ शकतो, हे मला समजतं. मागच्या रांगेतल्या माझ्या माणसांनाही ते आत्ताच, माझ्याबरोबरच समजतंय. त्यांच्यासाठी एकच मागणी आहे. शिक्षा मला करा, त्यांचा तास काढू नका. संघ त्यासाठीच तर आहे ना? ज्यांची भाषा दार बडवणाऱ्या शेजारणीला येत नाही, त्यांच्यासाठी?

हे जाहीरपणे बोलण्याआधी एका माणसाला सांगणं भाग होतं. काल दुपारी मी मू वा आजीकडे गेले. ती सुपारी कातरत होती. मी सगळं सांगितलं. गुरुवार, यंत्र, कारखाना. तिला यंत्राचं नीट कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. अडकित्ता थांबला.

"मग त्या दिवशी सकाळी आमच्या घरात बोलत होतं ते कोण?"

"मीच, आजी. पण गुरुवारची."

तिने अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाली, "गुरुवारी तर ते होते."

एवढंच. मला जा म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. नोव्हेंबरपासून आमचा तास थेट असतो, मी शनिवारची पाळी सोडली. आज सकाळी आठला मी बोलले. तिच्या घरात रेडिओ लागला होता की नाही, मला माहीत नाही. विचारायचा मला हक्क नाही.

झॅमिटकाका, एकतीस वर्षांबद्दल मी तुमचे आभार मानते. त्या पायऱ्यांवरच्या दोन मिनिटांबद्दल मात्र मला आभार मानता येत नाहीत. ते माझ्यासाठी फार मोठं होतं आणि ते बरोबर नव्हतं.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, वेळेचं भान सुटलं असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. पण हे फक्त आजच्या भाषणापुरतं मागते आहे. त्या शनिवारसाठी मी क्षमा मागत नाही, आणि आपणही ती घाईने देऊ नका.

शेवटी नियमाचं. आजचा समारंभ संघाची सगळी केंद्रं ध्वनिमुद्रित करत आहेत आणि पुढच्या आठवड्यात तो आपापल्या तासात लावणार आहेत. म्हणून जे तेव्हा ऐकतील त्यांच्यासाठी, आधी याच भाषेत आणि मग कारेन भाषेत, सांगते: हे बोलणं शनिवारी, चौदा जूनला, दुपारी ध्वनिमुद्रित केलेलं आहे. मी आत्ता तुमच्याजवळ नाही. उठा, आणि एकदा स्वतः खिडकीबाहेर बघा.