खांदा बरा झाल्यावर

फिजिओथेरपीच्या बाकावर बसचालक आपला आखडलेला खांदा शेकत बसला होता. शेजारी मायलेकी नंबर यायची वाट बघत होत्या; त्यांचं बोलणं त्याच्या कानावर पडत होतं. लेक बेसबॉल खेळणारी.

"आता दुखतंय का?"

"नाही गं आई."

"मग काल एकही चेंडू न टाकता मैदानावरून परत का आलीस?"

"हात मागे नेला की वाटतं, आता परत खांदा निखळला तेव्हासारखा कट्‌कन आवाज येणार."

"अगं, सात महिने झाले त्याला. खांदा ठणठणीत आहे म्हणाले ना डॉक्टर?"

"खांदा असेल. माझं काय?"

"मला आता या खेपा झेपत नाहीत, बाळा."

"मलाही नाही. आत गेल्यावर काय सांगू?"

"दुखतंय म्हणून सांग. त्यावर त्यांच्याकडे उपाय तरी आहे."