घरचा सर्व्हर

पेण स्टेशनात रोह्याच्या गाडीची वाट बघत मालूबाई बाकावर टेकल्या होत्या. शेजारी एक जोडपं बसलं होतं, आणि त्यातल्या बायकोचा आवाज चढत चालला होता.

"आईला रोह्याच्या दवाखान्यात नेलं, ते मला तिच्या शेजारणीच्या फोनवरून कळावं, निकेश?"

"लाइट गेली त्याला मी काय करू? मेसेजचा सर्व्हर आपल्या घरच्या कंप्युटरवर हाय, तो बंद पडला की सगळ्यांचे मेसेज अडकतात."

"तेच म्हणते मी. जुनं ॲप सगळ्यांना काढायला लावलंस. आईला पण."

"आपलं बोलणं बाहेरच्या कंपनीकडं कशाला पाहिजे?"

"आई भाकरीचे फोटो पाठवते. ते कोण चोरणार हाय?"

"बॅटरी बसवतो. मग नाय बंद पडणार."

"मागच्या वेळी राउटर म्हणालास. त्याच्या आधी पासवर्ड."

"थांब, घरी लाइट आली वाटतं. घरच्या ग्रुपवर मेसेज येतायत."

"आईचा हाय?"

"व्हय."

"वाच ना."

"'चक्कर येतेय. तू कामात असशील म्हणून फोन नाय केला गो. बघशील तेव्हा ये.'"

"कधीचा?"

"सकाळचा."

गाडी लागली तरी दोघं उठेनात. मालूबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"चल गो, मी पण रोह्यालाच चाललेय. माझ्याजवळ बस."