भैंस दगा गई

माझ्या हिंदीवर तुम्ही हसता, पण त्या हिंदीपायी आमची सरकारी मदत हातची जाता जाता राहिली.

तिकडे हिंदी मुलखात, सिलतऱ्याजवळच्या आमच्या गोठ्यावर वीज पडली आणि दुभती म्हैस गेली. घर तिच्याच दुधावर चालायचं. मेली असं लिहायला हात धजेना, म्हणून अर्जात मी लिहिलं, ‘बिजली गिरी और भैंस दगा गई.’

तहसिलीतल्या बाबूंनी अर्ज वाचून परत केला. "दीदी, भागी हुई भैंस का मुआवजा नहीं मिलता."

"भागी कहाँ, भैया? गोठे में ही मरी."

"आपने ही लिखा है, दगा दे गई."

मी म्हटलं, "हमारी मराठी में मरने को दगावणं बोलते हैं."

मग बाबूंनी कोरा कागद घेतला, जेवणाची सुट्टी सोडून सगळा अर्ज स्वतः लिहिला आणि जनावरांच्या डॉक्टरांचा दाखलाही जोडून दिला. आज दारात दुसरी म्हैस आहे ती त्यांच्याच कृपेनं.

सही करायला कागद पुढे सरकवत ते हळूच म्हणाले, "बेचारी जान से गई, दीदी, और आप उसे बदनाम कर रही थीं."